चपला काढाले लावणारी फरशी

भाऊ, परवा तुझ्या पुण्यानुमोदनात नऊ जणायनं भाषणं केली, आन् त्यातले सात जण तुझ्या फरशीवर बोलले. तुझ्यावर नाई, फरशीवर. "दिवाकररावांनी अहेरीत चंद्रपूरसारखं हॉटेल उभं केलं, आरशासारखी फरशी बसवली." माणूस जाऊन पाच दिवस झाले, भंतेजीचं सूत्रपठण आत्ताच संपलं, आन् हे लोक मान खाली घालून फरशी पाहून राह्यले. फोटोत ते दुःखानं मान खाली घातल्यासारखं दिसन. मी समोरच बसली होती, मले एकेकाचं दिसत होतं. एक जण तर फरशीत पाहून केस सारखे करून राह्यला होता.

माईक माझ्याकडेही आला. मी घेतला नाई. वैनी म्हणे, "ताई, दोन शब्द तरी बोला." माझ्यापाशी दोन शब्द होते, पण पंचशील घेतल्यावर लगेच तोंडातून काढाचे ते शब्द नव्हते. म्हणून आता लिहून राह्यली. तुले जिवंतपणी कधी अहो-जाहो केलं नाई, मेल्यावर कायले करू? ती फरशी भिकार हाये, भाऊ. तू होता तेव्हा सांगितलं, आता तू नाई तरी सांगते.

दुसऱ्या कोणाच्या हाती हे लागलं तर त्याले आधीचं समजावं म्हणून लिहिते. बाजाराच्या रस्त्यावर आपल्या मायची खानावळ होती. चार बाकं, खाली शहाबादी फरशी, मागे दोन चुली. बाजाराच्या दिवशी भामरागडकडून, जिमलगट्ट्याकडून लोक झाडू, चारोळी, मोह घेऊन येत. माल विकला का आपल्याकडे भात आन् कोंबडीचा रस्सा खात आन् परतीची गाडी धरत. चिखलाच्या चपलांनी येत, चिखलाच्या चपलांनी जात. संध्याकाळी माय दोन बादल्या पाणी मारे, खराट्यानं बाहेर ढकले, झालं काम. त्या काळ्या फरशीनं चाळीस वर्षं कोणाले काही म्हटलं नाई.

माय गेल्यावर तू म्हणला, पाडू आन् चांगलं बांधू. मी म्हटलं, बांध. छत गळून राह्यलं होतं, मले काय दिसत नव्हतं? आन् मी कोणत्या तोंडानं नाई म्हणणार होती? नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी आली तेव्हा तू काऊन आली, कधी जाशील, एक शब्द इच्यारला नाई. चुलीकडे बोट दाखवून म्हणला, "हे तुह्यं." तेवढ्यावर मी उभी राह्यली. हे मी तुले कधी बोलून दाखवलं नाई. तू चढून बसला असता.

मंग आपण फरशी पाहाले चंद्रपूरले गेलो. ट्रकायनं रस्त्याची चाळणी केलेली, चार तासात हाडं खिळखिळी झाली. दुकानात आपल्याआधी तुझा तो नागपूरचा डिझायनर येऊन बसला होता. टोकदार बूट. नाव आठवत नाई, आठवाचंही नाई.

"सर, व्हाइट ग्लॉसी घेतली ना, का स्पेस एकदम ओपन वाटते," तो म्हणे.

"आमची स्पेस ओपनच हाये," मी म्हटलं. "मागून डुकरं येते."

तू मले कोपर मारलं. त्याच्यापुढे तू असा उभा होता जसा शाळेत इन्स्पेक्शनले मास्तर उभा राह्यते. साहा फुटाचा माणूस, बाजारात आवाज चढवला का बैल थबकते, आन् त्या काडीच्या पोट्ट्यापुढे "हो सर, बरोबर सर." मले तेव्हाच तुझी कीव आली होती. कीव म्हणून राह्यली, पण ते खरं नाई. मले तुझा राग आला होता.

मले पसंत पडली ती कोपऱ्यात टेकवून ठेवलेली, करड्या रंगाची, हाताले खरखरीत लागणारी. दुकानदार म्हणे, "मॅडम, वो तो पार्किंग का है." झालं, तुले तेच पाह्यजे होतं. "पार्किंगमदी बसवू का लोकायले जेवाले?" असं म्हणून तू आन् तो डिझायनर मिळून हसले.

तुले बाहेरचं खाल्लं का पित्त होते म्हणून मी डबा बांधून आणला होता. तो उघडला. चार फरश्या ओळीनं खाली ठेवल्या आन् एकेकीवर चमचाभर रस्सा टाकला.

"अरे अरे, मॅडम! ये क्या कर रहे आप?"

"तुमच्या फरशीले जेवू घालून राह्यली," मी म्हटलं. "अर्धा तास थांबा."

तू तोंड फिरवून रस्त्याकडे पाहात उभा राह्यला, जशी मी तुझी कोणीच नव्हती. अर्ध्या तासानं मी फडकं मारलं. आन् काय सांगू बाप्पा, पांढरी एका हातात साफ! डाग नाई, वास नाई. माही खरखरीत मात्र हळद पिऊन पिवळीधम्मक झाली. अजूनही त्या दुकानात पिवळीच असन. तू असा खिदळला का दुकानातली बाकीची माणसं पाहाले लागली. "सुजे, तूच पास केली माही फरशी!"

मी हरणारी होय का? म्हटलं, "पाणी टाका हिच्यावर, आन् या साहेबाले बूट काढून चालाले लावा." डिझायनर दोन पावलं मागे सरला. तू म्हणला, "हॉटेलात अनवाणी कोण येते वं? चपला घालूनच येते ना लोक."

खोटं कायले बोलू, मलेही तेच वाटलं. चाळीस वर्षं लोक चपला घालून येत होते, आता कायले काढतील? तो नागपूरचा होता, त्याले काय माहीत. पण तू आन् मी? त्या लोकायच्या ताटात भात वाढता वाढता वाढलेलो आपण. आपल्या दोघायच्याही टाळक्यात आलं नाई.

पह्यल्या बाजाराच्या दिवशी पाऊस होता. दारात बारा-पंधरा जण उभे, आत कोणी येईना. आत पांढरं लख्ख. मंग जैनीबाईनं चपला काढल्या. जैनीबाई म्हंजे झाडू विकणारी, भामरागडच्या अलीकडल्या गावातली, मायच्या वेळेपासून आपल्याकडे जेवणारी. तिनं काढल्या, पायरीखाली नीट लावून ठेवल्या, पागोळीच्या पाण्यात पाय धुतले. तिच्यामागून तिच्या नवऱ्यानं, दसरूदादानं काढल्या. मंग सगळ्यायनं. आन् ओल्या पायानं, पंजावर चालत आत आले, जसं आत कोणाचं बाळ झोपलं हाये.

सारवलेल्या अंगणात आपल्याकडे कोणी चपला घालून जाते का? इतकं स्वच्छ दिसलं का पायातलं काढाचं, हे त्यायले कोणी शिकवावं लागत नाई. तू त्यायले जेवाची जागा म्हणून दुसऱ्याचं घर दाखवलं. बायायची तर आणखीच पंचाईत. फरशीत खालून सारं दिसते म्हणून लुगडी गुडघ्यात दाबून बसल्या. ज्या बाया जंगलात कोणाच्या बापाले भीत नाई, त्या तुझ्या फरशीले लाजल्या. भात मागून घेतला नाई कोणी त्या दिवशी. वाढला तेवढा खाल्ला आन् उठले.

आन् तू खुश! "पाय ना सुजे, लोकायले कशी शिस्त आली." आठ दिवसात वेल्डरकडून चपलांचा स्टँड करून आणला, वर निळा रंग मारला. मी म्हटलं, "हॉटेल हाये का विहार?" तू म्हणला, "स्वच्छता चांगलीच गोष्ट हाये." हो, चांगली. पण ऑफिसातले लोक बूट घालून धाडधाड आत येत, त्यायले तू "या साहेब, या" म्हणे. स्टँड त्यायच्यासाठी नव्हता. त्यायच्या बुटाचा चिखल पडलेल्या फरशीवर बाकीचे अनवाणी पाय ठेवून जेवून राह्यले, हे तुले कधी दिसलं नाई का दिसून घेतलं नाई?

मंग दसरूदादा पडला. हातात ताट, ओले पाय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहून राह्यली होती. पाय गेला, ताट गेलं, म्हातारा मनगटावर आदळला, रस्सा दारापासून काउंटरपर्यंत. तू धावला. आन् भाऊ, तू आधी फरशीकडे पाह्यलं, मंग माणसाकडे. एक श्वास घ्याले लागते तेवढाच वेळ. पण पाह्यलं. नंतर तूच त्याले गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबला, त्याच्या गावाच्या गाडीत बसवून दिलं, हे सगळं मले माहीत हाये. लोकायनं परवा तेही सांगितलं. पण ते आधीचं पाहणं मी पाह्यलं होतं.

तू परत आला तेव्हा मी हॉलच्या मधोमध उभी होती. म्हटलं, "तुले मायची लाज वाटते. तिच्या फरशीची, तिच्या गिऱ्हाइकायची, माही, सगळ्यायची."

तू फडकं पिळलं आन् खाली बसून पुसाले लागला. मी म्हटलं, आता या फरशीवर पाय ठेवणार नाई. आन् नाई ठेवला. दोन वर्षं मागच्या दारानं आली, मागच्या दारानं गेली. तू खिडकीतून म्हणे, "दोन चिकन, एक डाळ." मी खिडकीतून ताटं सरकवत होती. बहीण-भावाचं बोलणं तेवढंच राह्यलं. मनात येई, एखाद्या दिवशी तू म्हणशील, "सुजे, चुकलं बे माह्यं," मंग मी दोन शिव्या देईन आन् येईन हॉलमदी. तू म्हणला नाई. मीही म्हणाले लावलं नाई. आपण दोघंही मायवर गेलेलो, मेलो तरी मान वाकत नाई.

हळूहळू बाजारातले लोक येईनासे झाले. समोरच्या हातगाडीवर पावसात उभं राहून वडे खाऊ लागले. मी शहाणी, मी काय केलं सांगू? जैनीबाईले हाक मारली, म्हटलं, मागच्या दारी या, मी वाढते तिथी. तिनं माझ्याकडे असं पाह्यलं. म्हणे, "मागून नाई खात मी." आन् गेली. मी कढई धरून तशीच उभी. आपल्या आज्याले गावात मागच्या दारी वाढत होते, हे मायनं आपल्याले शंभरदा सांगितलं होतं. ते सगळं ऐकून मी तेच करून राह्यली होती. तुले नावं ठेवताना हे मी सोईनं विसरते, म्हणून इथी लिहून ठेवलं.

तू गेला तेव्हा तुले त्याच हॉलमदी ठेवलं, घरात एवढी माणसं मावत नव्हती. मले यावंच लागलं. दोन वर्षांनी त्या फरशीवर पाय ठेवला, अनवाणी. थंडगार होती. मले वाटलं होतं मी आल्याचं तुले कळन.

आता परवाची गोष्ट. भाषण करणाऱ्यांत एक साहेब होता, ऑफिसातला, गोरा, पोट सुटलेला. त्यानंच सगळ्यात लांब भाषण केलं. "दिवाकररावांनी अहेरीला स्वच्छता शिकवली." टाळ्या वाजवाच्या नसतात म्हणून लोक मान हलवून राह्यले. लोक गेल्यावर मी वैनीले इच्यारलं, हा कोण होय? वैनी खुर्च्या लावून राह्यली होती. हातातली खुर्ची तशीच धरून म्हणे, "तुमाले नाई सांगितलं का त्यायनं?"

मले कोण सांगणार? मले तर दोन चिकन, एक डाळ.

वैनीनं सांगितलं. मागच्या वर्षी हा साहेब बायकोले घेऊन आला होता. पोराच्या वाढदिवसाले सगळा हॉल पाह्यजे म्हणे. फरशी पाहून बायको खुश झाली. सगळं ठरलं, केक कुठी ठेवाचा तेही ठरलं. जाता जाता साहेबानं तुझं आडनाव इच्यारलं. तू सांगितलं. दुसऱ्या दिवशी चपराशी आला, म्हणे कार्यक्रम घरीच करणार हाये. "त्या दिवशी," वैनी म्हणे, "त्यायनं सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पुसली, बेसिनपाशी तर हातानं घासली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, कुठीतरी डाग राह्यला असन, साहेबाच्या बायकोले दिसला असन."

डाग! भाऊ, तू येडा होता का बे? तुले आडनावाचा अर्थ समजत नव्हता? तुले समजला होता. सगळा समजला होता. तरी तू हातात फडकं घेऊन गुडघ्यावर बसून डाग शोधला.

मले मंग मायच्या खानावळीतला तो दुसरा साहेब आठवला. तू दहाचा, मी आठाची. त्याचा चपराशी रोज डबा न्याले येई, साहेब घरी आपल्या भांड्यात काढून मिटक्या मारत खाई. एक दिवस जीप थांबली म्हणून स्वतः दारापर्यंत आला, नाकाले रुमाल लावला, फरशीकडे पाह्यलं आन् म्हणे, "इथं बसून माणसं कशी खातात?" माय हसली. मी कोंबडीचं हाड उचलून त्याच्या जीपले मारलं. तू काहीच केलं नाई. तू खाली फरशीकडे पाहात राह्यला. मले वाटलं तू भित्रा. चाळीसाव्या वर्षी त्याच फरशीचं उत्तर तू देऊन राह्यला होता, आन् मी आपली तुले लाज वाटते, लाज वाटते म्हणून बोंबलून राह्यली होती. लाज नव्हती. तुले वाटत होतं, आता खाली पाहून नाकाले रुमाल लावाले कोणाले जागाच ठेवाची नाई. हे तू मले एकदा तरी सांगाचं ना रे. मी भांडली असती, पण मागच्या दारानं गेली नसती.

आन् ज्यायच्यासाठी तू हे केलं, ते कोण? नाकाले रुमाल लावून चोरून डबा खाणारे. पोराच्या केकले हॉल पाहणारे आन् आडनाव ऐकून पळणारे, आन् मेल्यावर तुझ्याच फोटोपुढे उभे राहून स्वच्छतेवर भाषण ठोकणारे. थू! मले त्या दिवशी माहीत असतं तर माईक मी घेतला असता, भंतेजी काही म्हणो. अशा माणसायच्या पसंतीसाठी तू दसरूदादाले अनवाणी केलं. तुझं दुःख मले समजलं, म्हणून काही ती फरशी चांगली होत नाई.

सगळे म्हणून राह्यले, फरशी ठेवा, दिवाकरची आठवण. वैनीनं माझ्यावर सोडलं. "तुमी म्हणाल तसं." तिचे डोळे सुजलेले, तिच्यापुढे मले तोडाची भाषा करवेना. दोन दिवस मी ठेवू का काढू, ठेवू का काढू, करत राह्यली.

आज बाजार होता. पुरानं बंद पडलेला भामरागडचा रस्ता आठ दिवसांनी उघडला, म्हणून जैनीबाईले तू गेल्याचं माहीत नव्हतं. बाहेर तुझा फोटो, हार पाहून ती थबकली. दसरूदादाही होता, मनगट वाकडंच बसलं हाये त्याचं. दोघं पायरीखाली उभे. मी आतून दारात आली आन् तिलेच इच्यारलं, "बाई, ही फरशी काढू का ठेवू? खरं सांग."

तिनं फरशीकडे पाह्यलं, फोटोकडे पाह्यलं. म्हणे, "काढ." मंग जरा थांबून म्हणे, "पण आदी आमाले एकदा चपला घालून चालू दे."

मी दारातून बाजूले झाली.

ती आली, भाऊ. लाल चिखलानं भरलेल्या रबरी चपला, खडखडीत पाऊल टाकत. तिच्यामागून दसरूदादा. मंग रस्त्यावरचे बाकीचे, हातगाडीपाशी उभे होते ते. दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून बेसिनपर्यंत, वळून परत. जैनीबाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणली आन् सगळे हसले. दसरूदादा जिथी पडला होता तिथी थांबला, टाच दाबून फिरवली. मंग तुझ्या फोटोपुढे येऊन चांगल्या हातानं हार सरळ केला. सगळे टेबलांवर बसले आन् जेवले. भात तीनदा मागून घेतला. माझी कढई तळाले लागली.

ते गेल्यावर वैनी पाहाले आली. पांढरं काही शिल्लक नव्हतं. मी मिस्त्रीले फोन केला, तो उद्या सकाळी पहार घेऊन येतो म्हणे. वैनी स्वयंपाकघराकडे वळली, मी बादली भरली, लुगडं खोचलं आन् तुझ्या त्या भिकार फरशीवर गुडघे टेकून बसली. बेसिनपासून सुरुवात केली. सकाळी फोडाची फरशी कोणी पुसते का रे, भाऊ? मी पुसली. कोपऱ्यापर्यंत पुसली.